शेप वन सुभेदार

माझं नाक थोडं डावीकडे वळलेलं आहे. लग्नाच्या फोटोत ते सरळ आहे. ते वळवलं सुभेदारांनी, अरब देशातल्या जिझानच्या कामगार कॅम्पात, एका शुक्रवारी दुपारी, आणि तेही झोपेत. मी त्या खोलीत नवा होतो. खोलीतल्या मंडळींनी मला पाण्याचा फिल्टर कुठे, चपला कुठे काढायच्या, एसीचा रिमोट कुणाच्या ताब्यात, हे सगळं समजावलं आणि एक गोष्ट सांगायची राहून गेली, की सुभेदारांना हात लावून उठवायचं नाही. गेटवर त्यांना भेटायला कुणीतरी आलं होतं म्हणून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढचं मला आठवत नाही. भान आलं तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो होतो, बनियन रक्ताने भिजलं होतं, आणि समोर उकिडवा बसलेला एक धिप्पाड माणूस टॉवेलात बर्फ गुंडाळत म्हणत होता, "बाबू, दारातनं हाक मारायची. हात न्हाई लावायचा. सांगितलं न्हाई व्हय तुला कुणी?"

मी कॅम्पात टाइमकीपर होतो. गुहागरकडचा, बीकॉम झालेला, हजेरीच्या कागदावर चहाचा डाग पडला तरी ज्याचं डोकं फिरतं असा माणूस. फौजेत कारकुनाला बाबू म्हणतात म्हणून सुभेदार मला पहिल्या दिवसापासून बाबूच म्हणाले. ते स्वतः साताऱ्याकडचे. खरं तर ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण आवाज आणि मिशी पाहून कॅम्पाने त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती. पहिली काही वर्षं ते प्रत्येकाला "हवालदार" म्हणून दुरुस्त करायचे म्हणे. मी आलो तोवर त्यांनी नाद सोडला होता.

फौजेत त्यांचं काम जमिनीतले सुरुंग काढण्याचं. ते काम सुटून वर्षं झाली होती, पण पाय ते विसरले नव्हते. आमच्या कॅम्पापासून साइटपर्यंत सगळी वाळूच वाळू. बाकीचे लोक जवळचा रस्ता म्हणून आडवे जायचे. सुभेदार मात्र गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या पट्ट्यावरूनच चालायचे, मग भर दुपारी कितीही लांब पडो. एकदा मी त्यांना चिडवायला म्हणून मुद्दाम वाळूतून आडवा निघालो. त्यांनी मागून येऊन माझी मानगूट धरली आणि उचलून पट्ट्यावर आणून ठेवलं. चेहरा पांढराफटक पडला होता. मला हसू येत होतं, ते पाहून त्यांनी माझ्या कानाखाली एक वाजवली आणि पुढे चालू लागले. संध्याकाळी माझ्या गादीवर जिझानचे चार आंबे ठेवलेले सापडले. त्या आंब्यांना आंबा म्हणायला माझं कोकणी तोंड धजत नाही, तरी मी ते खाल्ले.

साइटवर ते रिगिंगचे फोरमन. क्रेनने उचललेलं वजन कुठून कसं न्यायचं हे हाताच्या खुणांनी क्रेनवाल्याला दाखवायचं. त्या खुणा पाहाव्यात तर सुभेदारांच्या. बोटं इतकी शांत आणि नेमकी चालायची, की हाच हात माणसं आडवी करतो यावर विश्वास बसू नये. वजनाखाली कुणी उभा राहिला तर मात्र ते बोलत बसत नसत. एकदा एक नवा वेल्डर लोंबकळत्या पाइपाखाली वाकून आपली पेटी शोधत होता. सुभेदारांनी धावत जाऊन त्याच्या छातीत लाथ घातली. तो दहा फुटांवर जाऊन पडला आणि त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. तेवढ्यात साखळी घसरली आणि तो पाइप बरोबर त्याच्या पेटीवर आदळून पेटीचा पत्रा झाला. कंपनीने त्या आठवड्यात सुभेदारांना दोन कागद दिले, एक मारहाणीबद्दल ताकीद आणि एक सुरक्षेबद्दल शाबासकी. दोन्ही मीच टाइप केले होते. सुभेदारांनी दोन्हींवर सारख्याच निर्विकारपणे सही केली.

त्या काळात सीमेपलीकडच्या लढाईतून अधूनमधून काहीतरी उडत यायचं. बहुतेक वेळा ते आभाळातच फुटायचं आणि आम्ही आवाजावरून अंतर सांगण्याच्या पैजा लावायचो. एका सकाळी, चहाच्या सुट्टीत, त्यातला एक तुकडा काँक्रीटच्या प्लांटजवळ येऊन पडला. लोक सैरावैरा पळाले, एकमेकांच्या अंगावरून पळाले. एका नेपाळ्याची मांडी फाटली होती आणि तो आईला हाका मारत होता. सुभेदारांनी कमरेचा पट्टा काढून त्याच्या मांडीला आवळला, त्यावर गुडघा दाबून बसले आणि ड्रायव्हरला ओरडले, "यल्ला, गाडी लाव, तोंड काय बघतोस." गाडी येईपर्यंत ते त्याच्याशी शांतपणे, त्याच्या बायकोबद्दल बोलत राहिले. तो माणूस वाचला.

असं काही झालं की सगळ्यांची शिरगणती करणं टाइमकीपरचं काम. मी यादी घेऊन मोजलं तर एक माणूस कमी. शोधत शोधत मी कंटेनरच्या रांगेमागे गेलो. सुभेदार तिथे एकटे, लोखंडी कंटेनरवर मूठ मारत उभे होते. एकेक, ठरावीक अंतराने, कुदळ घातल्यासारखी. पत्र्यावर रक्ताचे ओघळ आले होते आणि बोटांच्या सांध्यांची कातडी लोंबत होती. मी लांबूनच हाक मारली. त्यांनी वळून विचारलं, "किती कमी?" मी म्हटलं, "एक. तुम्ही." ते म्हणाले, "हजर लिही." मग दवाखान्यातल्या केरळच्या नर्सने हाताला टाके घालताना विचारलं, झोप लागते का, दचकायला होतं का, डोकं दुखतं का. प्रत्येक प्रश्नाला सुभेदारांचं एकच उत्तर होतं, "शेप वन, सिस्टर."

हा शब्द मला त्यांनीच समजावला. फौजेत दरवर्षी तपासणी होते. अंगाने आणि डोक्याने ठणठणीत असेल तो शेप वन. एकदा का खालचा शेरा पडला की बढती थांबते, चांगली नेमणूक जाते, आणि बरोबरची माणसं तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात. त्यामुळे फौजी माणूस डॉक्टरला काही सांगत नाही. गुडघा निकामी असला तरी तो डॉक्टरसमोर पळून दाखवतो. "ताप अंगात घिऊन मी परेड केलीया," सुभेदार अभिमानाने सांगायचे. "सतरा वर्सं शेप वन. एक दिस खाली न्हाई." मला त्या वेळी त्याचं कौतुक वाटलं होतं.

कॅम्पातला प्रत्येक माणूस सुट्टीचे दिवस बोटांवर मोजायचा. सुभेदारांची गोष्ट उलटी. दीड महिन्याची सुट्टी मंजूर होऊन जायचे आणि बाराव्या दिवशी बॅग घेऊन परत हजर. वहिनींशी भांडण आहे की काय अशी कुजबुज व्हायची. मी एकदा धीर करून विचारलं. ते मिशी चावत म्हणाले, "घरात मी धोक्याचा हाय, बाबू. गावाला गेलो तरी शाळंच्या व्हरांड्यात झोपतो. बारा दिस कसंबसं निभावतं." मग त्यांनी त्यांच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या केंद्राची गोष्ट सांगितली.

फौजेतून सुटल्यावर सुभेदार त्या कॉलेजात सेफ्टीचा कोर्स करायला बसले होते, आपल्या निम्म्या वयाच्या पोरांबरोबर. कॉलेजात ग्रंथालयाच्या शेजारी एक खोली माजी सैनिकांसाठी होती. सरकारी अनुदानावर चालायची. एक मॅडम, आठवड्यातून दोनदा येणारा एक समुपदेशक, फॉर्म भरायला मदत, फीची सवलत, आणि डोकं फिरलं तर येऊन निवांत पडायला एक कॉट. पहिल्याच महिन्यात एका पोराने मागून पाठीवर थाप मारून पुस्तक मागितलं आणि सुभेदारांनी वळून त्याचे दोन दात पाडले. प्राचार्यांनी नाव काढून टाकायचा कागद तयार केला होता. मॅडम मध्ये पडल्या. त्यांनी प्रत्येक वर्गात सुभेदारांची खुर्ची पाठ भिंतीला येईल अशी लावून घेतली आणि मूठ वळायच्या आत उठून त्या खोलीत यायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना दोन वर्षं शिकवली. "दोन वर्सं माझ्या हातानं कुणाला लागलं न्हाई," सुभेदार म्हणाले. "पुस्तकांपेक्षा तेच शिकलो." त्यांचा हिशेब साधा होता. इथलं काँट्रॅक्ट संपलं की गावी जायचं, आठवड्यातून दोनदा त्या खोलीत जाऊन बसायचं आणि उरलेले दिवस आपल्या घरात आपल्या माणसांत झोपायचं. ते केंद्र असेल तरच त्यांना घर होतं.

त्याच मॅडमचा फोन आला, की केंद्राच्या अनुदानाची मुदत संपते आहे आणि सरकारी कार्यालयाने गरजेचा पुरावा मागितला आहे. जुन्या विद्यार्थ्यांनी फॉर्म भरून द्यायचा. झोप कशी लागते, दचकायला होतं का, रागात हात उचलला आहे का, कुणाला इजा झाली, केंद्राचा काय उपयोग झाला. सुभेदारांनी ही मोहीम म्हणूनच हातात घेतली. त्या कॉलेजात शिकून इकडे आलेले फौजी जिझानपासून जेद्दापर्यंत विखुरलेले होते. जेद्दाच्या हॉटेलांत काही सुरक्षारक्षक होते, तिथल्याच अझीझियात काही गॅरेजवाले. तिकडचे फॉर्म गोळा करायचं काम त्यांनी जाधवांवर सोपवलं. हे जाधव त्याच केंद्रात शिकलेले, सुभेदारांच्याच पंचक्रोशीतले, जेद्दा-जिझान ट्रेलर चालवायचे आणि दर आठवड्याला आमच्या मेसमध्ये जेवायला थांबायचे.

पंधरा दिवसांत एकवीस फॉर्म जमले. मी स्वतः ते स्कॅन केले आणि मला मनापासून आनंद झाला, कारण एवढे स्वच्छ फॉर्म मी आयुष्यात पाहिले नव्हते. एकही खाडाखोड नाही. झोप, उत्तम. दचकणे, नाही. राग, नाही. इजा, कुणालाही नाही. सुभेदारांचा फॉर्म सगळ्यांत वर होता आणि त्यात त्यांनी सुंदर अक्षरात शेवटी लिहिलं होतं, प्रकृती शेप वन, केंद्र अतिशय चांगले आहे. आम्ही पाठवून दिले आणि सुभेदारांनी मेसमध्ये सगळ्यांना लबान, म्हणजे तिकडचं ताक, पाजलं.

दहा दिवसांनी मॅडमचा फोन आला. सुभेदारांनी तो स्पीकरवर लावला, शाबासकी ऐकवायची म्हणून. मॅडम रडत नव्हत्या, पण आवाज दमलेला होता. "हवालदार, तुम्ही माझं केंद्र बंद केलंत," त्या म्हणाल्या. "साहेब मला विचारतात, सगळे ठणठणीत आहेत तर अनुदान कशाला? काय उत्तर देऊ मी त्यांना? दोन आठवडे मुदत मागून घेतली आहे. खरं लिहा हो. माझ्यासाठी नका लिहू, परवा माझ्या कॉटवर पडून होता त्या पोरासाठी लिहा. एकोणतीस वर्षांचा आहे." एकवीस शूर माणसांनी मिळून केलेला असा मूर्खपणा मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तो निर्मळ मनाने केलेला होता, हे त्यातलं सगळ्यांत वाईट.

कॅम्पातल्या एकाने सुचवलं, आपणच वर्गणी काढून केंद्र चालवू, सरकारच्या दारात कशाला जायचं. सुभेदार त्याच्यावर धावूनच गेले. "वर्गणी म्हंजे उपकार," ते ओरडले. "उद्या तुझा पोरगा आजारी पडला की वर्गणी बंद. मला सुरुंगात सरकारनं घातलं, देणगीदारानं न्हाई. बाहेर काढायचं कामबी सरकारचंच." अनुदान या शब्दावर मी अनेक भाषणं ऐकली आहेत, पण मला पटलं ते एवढंच.

फॉर्म पुन्हा भरायचे ठरले आणि तिथे गाडी अडली. माणसं सुभेदारांना पाहून रस्ता बदलू लागली. त्यांचंही चूक नव्हतं. कंपनीला कळलं तर मेडिकल, मेडिकलमध्ये सापडलं तर इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नव्याने मिळणार नाही, आणि गावी कळलं तर घराला वेड्याचं घर म्हणतील. शेवटी शुक्रवारच्या जेवणाला जाधव आले. मेस भरलेली होती. सुभेदारांनी त्यांच्या ताटाशेजारी कोरा फॉर्म ठेवला. जाधवांनी भाताचा घास घेत तो बाजूला सारला आणि म्हणाले, "माझ्या पोरीची सोयरीक जुळलीया. मी ह्ये लिहून देऊ?" सुभेदार म्हणाले, "मॅडमनी तुला जगवला, जाधवा." जाधवांचा आवाज चढला. "मग तुमीच लिवा की आदी. पोराच्या कानाचं लिवा. कान तापानं गेला म्हणून समद्यांना सांगता न्हवं?"

मी सुभेदारांकडे पाहिलं आणि मला समजलं की आता कुणीच काही करू शकत नाही. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा स्टीलचा जग उचलून जाधवांच्या तोंडावर मारला. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे, तो मला विसरता येत नाही. जाधव बाकासकट मागे पडले, तरी सुभेदार टेबल ओलांडून त्यांच्या छातीवर बसले आणि मारतच राहिले. सांडलेल्या डाळीत रक्त मिसळलं होतं. चार पठाण आणि मी मिळून ओढत होतो आणि ते आम्हाला अंगावरची माशी झटकावी तसे झटकत होते. मग ते आपोआपच थांबले. आपल्या हातांकडे पाहिलं, उठले आणि भिंतीला पाठ लावून बसले. मला त्या क्षणी त्यांची किळस आली, हे मी लपवत नाही.

जाधवांनी तक्रार केली नाही, ट्रेलरवरून पडलो असं लिहून दिलं. पण कंपनीला सगळं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी कफीलचा, म्हणजे आमच्या अरब मालकाचा, माणूस आला आणि सुभेदारांचा पासपोर्ट पुढे ठेवून फक्त "खलास" म्हणाला. चार दिवसांत त्यांना कायमचं परत जायचं होतं. जायचं कुठे, तर त्याच घरी.

त्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या ऑफिसात आले, दार लावलं आणि कोरा फॉर्म पुढे टाकला. "लिही, बाबू. माझा हात चालायचा न्हाई." ते जमिनीवर बसले, पाठ फायलींच्या कपाटाला लावून. मी प्रश्न वाचत गेलो, ते सांगत गेले. कॉलेजातला पोरगा आला, वेल्डर आला, मी आलो, जाधव आले. अशी माणसंही आली ज्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, बसमध्ये शेजारी बसलेला एक म्हातारा, बाजारातला एक फुगेवाला. मग ते थांबले आणि मला वाटलं संपलं.

"आता पोराचं लिही," ते म्हणाले. "घरी येऊन महिना झाला हुता. मी अंगणात बसलेलो. पोरगं सात वर्साचं. मागनं आलं आन माझ्या डोळ्यांवर हात ठेवलं. ओळखा कोण, म्हणून खेळत्यात न्हवं का पोरं. मी वळलो आन मारलं. कानावर. भिंतीपातूर गेलं उडून." माझं पेन थांबलं. "थांबू नगंस," ते म्हणाले. "तू थांबलास की माझ्याच्यानं सांगणं व्हायचं न्हाई. डाव्या कानानं त्याला आता काय ऐकू येत न्हाई. बायकोनं त्याच हप्त्यात मला केंद्रात नेलं. गावात तापाचं सांगितलं, ते मी. लिही, खोटं मी सांगितलं." शेवटच्या प्रश्नात केंद्राचा उपयोग काय, असं होतं. त्यांनी सांगितलं, दोन वर्षं कुणाला मारलं नाही. सही करताना त्यांनी नावाआधी हवालदार असं लिहिलं. मग ते कपाटाला डोकं टेकून रडले, आवाज न करता, आणि मीही रडलो. माझी आदल्या दिवशीची किळस कुठे गेली ते मला कळलं नाही.

तो फॉर्म त्यांनीच मला सगळ्यांना दाखवायला सांगितला. मी तो आधी दवाखान्यात जाधवांकडे घेऊन गेलो. त्यांचा जबडा तारेने बांधला होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे पेन मागितलं. माझ्या वहीत लिहिलं, "मीही त्यांना मारलंच असतं. त्यांचा हात आधी पोचला एवढंच." मग त्यांनी आपला फॉर्म भरला, आणि जागा पुरली नाही म्हणून मागची बाजूही भरली. मुलीच्या सोयरिकीचं काय, असं मी विचारलं. त्यांनी हाताने जाऊ दे अशी खूण केली. बाकीचे फॉर्म मग फोनवरच्या फोटोंतून येत गेले. खाडाखोड, पुसलेले शब्द, डाग. एका माणसाने बाकी सगळे रकाने कोरे ठेवून इजेच्या रकान्यात फक्त बायकोचं नाव लिहिलं होतं. माझ्या कारकुनी डोळ्यांना ते कागद बघवत नव्हते, तरी मी एकूण एक वाचला आणि पाठवला.

सुभेदार गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. कंपनीची पिकअप गेटवर उभी होती. कॅम्पातली माणसं हात मिळवायला पुढे आली, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. सगळ्यांना मान लववून रामराम केला. माझ्याजवळ आले तेव्हा म्हणाले, "बाबू, भ्या वाटतंय मला." त्यांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकत होतो.

पुढच्या वर्षी सुट्टीत मी घाट चढून त्यांच्या तालुक्याच्या गावी गेलो. केंद्र चालू होतं. खोलीबाहेर चपलांचे पाच-सहा जोड होते. मॅडमनी मला चहा दिला आणि सांगितलं, अनुदान आणखी तीन वर्षांसाठी मंजूर झालं, शेऱ्यात सुभेदारांच्या फॉर्मचा उल्लेख आहे. "आणि त्याच फॉर्मवर बोट ठेवून कॉलेजच्या समितीने त्यांना आवारात यायला बंदी केली," त्या म्हणाल्या. "आवारात मारहाण केल्याची लेखी कबुली आहे ना त्यांची. मी पुष्कळ भांडले. मंगळवारी आणि शुक्रवारी मी खुर्ची घेऊन गेटबाहेर जाते. तासभर बसतो आम्ही. बाहेरच असतील बघा ते." मला संताप आला. एक माणूस स्वतःला सोलून कागदावर ठेवतो, त्याच्या जोरावर तुमची खोली उघडी राहते, आणि तुम्ही त्यालाच दार बंद करता.

सुभेदार गेटासमोर टायरच्या दुकानाबाहेर बाकावर बसले होते, पाठ भिंतीला लावून. मिशी पांढरी झाली होती. मी समोरून गेलो आणि लांबूनच हाक मारली. ते हसले. मी माझा सगळा राग त्यांच्यापुढे ओकलो, कोर्टात जा, पेपरात द्या, म्हणून सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. "कशाला?" ते म्हणाले. "त्यांनी कागद वाचला आन खरा मानला. सतरा वर्सं डाक्टरला मी खोटंच सांगितलं. बरोबर हाय त्यांचं. आत पोरं हायत." मग म्हणाले, "घरातच झोपतो आता. दाराला आतनं कडी, येगळ्या खोलीत. पण घरात."

तेवढ्यात कॉलेजची मधली सुट्टी झाली. पोरं गेटातून लोंढ्याने बाहेर पडली. त्यांत एक उंच, सडपातळ मुलगा डबा घेऊन येत होता. वर्दळीतून सरळ आला असता तर तो बाकाच्या कडेने, बापाला न दिसता चार पावलांत पोचला असता. तो तसा आला नाही. पार रस्त्याच्या पलीकडे गेला, लांबून वळसा घातला आणि समोरून, बापाला आधीपासून दिसत राहील असा, सावकाश चालत आला. मग उजवा कान बापाकडे येईल अशा बाजूला बसला आणि डब्याचं झाकण काढलं.